शेवंतीच्या तोंडातलं लोखंड

घोड्याच्या तोंडात दात नसलेली एक जागा असते, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मधे चार बोटं नुसती हिरडी. माणसाने केव्हातरी ती जागा हेरली आणि तिथे लोखंड बसवलं. त्या लोखंडाला आम्ही कडियाळं म्हणतो. त्याच्या दोन टोकांना दोर लावला की एवढं थोरलं जनावर माणसाच्या मुठीत येतं. माझं सगळं आयुष्य या चार बोटांच्या जागेवर चाललं.

केडगावात, पुणे रस्त्याला लागून, माझं दुकान होतं. बैलांच्या म्होरक्या, घुंगरमाळा, खोगिरं, लगाम असं सगळं तिथे मिळायचं. आता त्याच जागेत मुलगा हेल्मेट आणि गाड्यांची सीट कव्हरं विकतो. डोक्यावर घालायचंच विकतोय, घराण्याचा धंदा मोडला नाही, असं म्हणून मी समाधान मानतो. मुलाला हा विनोद आवडत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार यायची. एका पुढाऱ्याला वाढदिवसाच्या मिरवणुकीत घोड्यावर बसायचं होतं. त्याच्या माणसांनी येऊन बजावलं, फोटोत घोड्याची मान वर पाहिजे. मी म्हटलं, साहेबांची वर असली म्हणजे पुरे. ते हसले नाहीत. मी मुकाट्याने दोन भोकं आवळून दिली. दुसऱ्या एकाने घोड्याच्या तोंडाचं माप सुतळीला गाठी मारून आणलं आणि दुकानात पोचेपर्यंत कुठली गाठ कशाची हेच विसरला. मी अंदाजाने लगाम शिवला आणि तो बरोबर बसला. घोड्याचं डोकं मला पाठ आहे, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं. मी ते चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

लगाम बसवण्यात तसं गूढ काही नाही. डोक्यावरून कानामागे एक पट्टी, कपाळावर एक, गळ्याखाली एक आणि गालांवरून खाली येणाऱ्या दोन. गालपट्ट्या इतक्या आवळायच्या की कडियाळं ओठांच्या कोपऱ्यात टेकावं आणि तिथे एखादी सुरकुती दिसावी. सुरकुती नसेल तर लोखंड दातांवर आपटतं, जास्त असतील तर ओठ फाटतो. मालक मात्र नेहमी म्हणायचे, मामा, अजून एक भोक घ्या. मी घ्यायचो.

मला सांगायचंय ते भानुदासबद्दल आणि त्याच्या घोडीबद्दल.

भानुदास सुप्याजवळच्या एका वस्तीवरचा. एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला होता. मशीनने त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं. अंगठा आणि दोन बोटं उरली. पण मुठीतला जोर असतो तो शेवटच्या दोन बोटांचा. ती गेल्यावर मूठ नावापुरती राहते. नोकरी सुटली. मग त्याने शेवंती नावाची पांढरी घोडी घेतली आणि लग्नाच्या वराती करायला लागला. वरातीत घोडीवाला पुढे चालतो, उजव्या हातात दोर धरतो आणि डाव्या हाताने गर्दी सारतो. तो उजवाच हात त्याचा अधू होता.

तो माझ्याकडे आला आणि ओशाळून म्हणाला, "मामा, माज्या हातात दम न्हाई. दोन बोटांत थांबली पायजे, असं कायतरी करा."

मी केलं. कडियाळ्याच्या मधल्या भागाला लोहाराकडून बारीक काटे बसवून घेतले. अशा काटेरी कडियाळ्याला कायद्याने बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. ते जनावराला किती लागतं, हेही ठाऊक होतं. पण भानुदासचा हात बघून मला त्याची दया आली, आणि घोडीच्या तोंडात तर मी कधी बघतच नव्हतो. चाळीस वर्षं मी लोखंड घोड्यांच्या तोंडात बसवलं, पण माझी नजर कायम बाहेरच्या बक्कलवर असायची.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका वरातीत डीजेच्या समोर नाचणाऱ्या एकाने घोडीला नाचवण्यासाठी दोराला हिसका दिला. शेवंती मागच्या पायांवर उभी राहिली आणि खाली आली तेव्हा तिच्या तोंडातून रक्ताची धार लागली होती. जीभ जवळजवळ अर्धी कापली गेली होती.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी टाके घातले. भानुदासने मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा काटेरी कडियाळं मॅडमच्या हातात होतं.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

भानुदास खाली बघत राहिला. त्याने माझं नाव घेतलं नाही. मीच म्हणालो, "मी केलं."

त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं शेवंतीचं तोंड उघडून मला आत बघायला लावलं. हिरडीवर जुने वळ होते, भरून आलेले आणि पुन्हा फुटलेले.

"जीभ भरून येईल," मॅडम म्हणाल्या. "पण आता हिच्या तोंडात कधीही लोखंड घालायचं नाही. साधंसुद्धा नाही."

"मंग ती माज्या हातात राहील कशी वो मॅडम?" भानुदास म्हणाला. "वरातीत मानसं असत्यात, ल्हान पोरं असत्यात. घोडेगावच्या बाजारात येनारा एक वीटभट्टीवाला तिला मागतोय. त्यालाच द्यावी लागंल."

वीटभट्टीवर विटा ओढून ओढून घोडी दोन-चार वर्षांत संपते, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. मॅडमनी मोबाईल काढून एक फोटो दाखवला. घोड्याच्या डोक्यावर लगाम होता आणि तोंडात काहीच नव्हतं. "याला बिटलेस ब्रायडल म्हणतात. बिनलोखंडी लगाम. मामा, तुम्ही काटे बसवू शकता तर हेही करू शकाल."

या लगामात सगळा कारभार नाकावरच्या पट्टीचा असतो. त्या पट्टीला दोन बाजूंना कड्या असतात. डावा दोर डाव्या कडीतून जबड्याखाली जातो आणि उजव्या गालावरून वर डोक्याच्या पट्टीला मिळतो. उजवा तसाच डाव्या गालावरून. डावा दोर ओढला की उजव्या गालावर दाब येतो आणि घोडं डावीकडे वळतं. आई लेकराच्या गालाला हात लावून त्याचं तोंड आपल्याकडे वळवते, तसंच. फोटो बघून मला तो पोरखेळ वाटला. तरी चार दिवसांत मी तो शिवला. चामडं मऊ घेतलं, नाकपट्टीला आतून नमदा लावला, म्हणजे लोकरीचा जाड थर. टाका असा घातला की बोट फिरवलं तर लागू नये. असं काम मी तरुणपणी करायचो.

महिन्याभराने जीभ भरून आल्यावर मी लगाम घेऊन वस्तीवर गेलो. भानुदासने शेवंतीला अंगणात आणलं. मी लगाम उचलून तिच्या डोक्याजवळ नेला.

आणि तिने तोंड उघडलं.

मी दातांना हातही लावला नव्हता. शिकवल्याप्रमाणे तिने आपणहून तोंड उघडलं, टाक्यांची खूण असलेली जीभ जरा मागे घेतली आणि लोखंडाची वाट बघत उभी राहिली. ज्याने तिची जीभ कापली होती, त्याच्यासाठी ती जागा करून देत होती. माझ्या हातातला लगाम तसाच राहिला. जनावर आपल्याला किती देतं आणि आपण ते किती सहज घेतो, हे मला वयाच्या पासष्टीत त्या अंगणात कळलं. भानुदासने तोंड फिरवलं.

"मिट गं बाई," मी म्हणालो. "आता काही नाही घालायचं."

ती बराच वेळ तोंड उघडंच ठेवून होती.

लगाम चढवला आणि भानुदास तिला घेऊन निघाला. दहा पावलं ठीक गेली. मग तिने मान झटकली. पुन्हा झटकली. नाकपुड्या फाकल्या, घशातून घरघर आली आणि तिने अशी उसळी मारली की भानुदास फरफटत बांधापर्यंत गेला. दोर सुटला. ती शेतात जाऊन थरथरत उभी राहिली.

भानुदासचं ढोपर सोललं होतं. धूळ झटकत तो म्हणाला, "मामा, ऱ्हाऊ द्या. तुमी लई केलं. मी भट्टीवाल्याला फोन करतो."

"दोन दिवस थांब."

"दोन दिवसांत काय हुनार हाय?"

"थांब म्हणतोय ना," एवढंच जरा रागाने म्हणालो. राग माझा मलाच आला होता.

घरी आलो. बायको ओसरीवर मेथी निवडत बसली होती. चष्मा तिच्या नाकाच्या शेंड्यावर घसरला होता आणि ती तोंडाने श्वास घेत होती. मी म्हटलं, चष्मा तरी वर घे. ती म्हणाली, "अवो, दांड्या सैल झाल्यात त्याच्या. खाली घसरला की नाक दाबतंय, जीव गुदमरतो. वर हाडावर ऱ्हायला तर कळत बी न्हाई घातलाय म्हनून."

मी उभ्या उभ्या माझं नाक चाचपलं. वर हाड, खाली मऊ. तिथून तसाच पुन्हा मुलाच्या मोटारसायकलवर बसून वस्तीवर गेलो. उजेड अजून होता. शेवंती दावणीला होती. मी तिच्या कपाळापासून नाकावरून बोटं फिरवत खाली आलो. गालाच्या हाडाची कड संपते तिथून पुढे नाकाचं हाड बराच वेळ लागत राहतं, निमुळतं होतं आणि मग एकदम बोटाखालून नाहीसं होतं. त्याच्या पुढे नुसती कुरकुरी, म्हणजे मऊ, वाकणारं हाड. दोन्ही बाजूंनी दाबली की श्वासाची वाट बंद. माझी नाकपट्टी नेमकी तिथे होती. मी गालपट्ट्या चाळीस वर्षांच्या सवयीने कडियाळ्याच्या मापाने कापल्या होत्या. लोखंड जिथे यायचं त्याच रेषेत पट्टी आणून ठेवली होती. तोंडातून लोखंड गेलं होतं, पण माझ्या हातातून गेलं नव्हतं. घोड्याचं डोकं मला पाठ आहे म्हणणाऱ्याला घोड्याचं नाक कुठे संपतं हे माहीत नव्हतं!

पट्ट्या तिथेच आखूड केल्या. नाकपट्टी वर हाडावर घेतली. भोकं एकेका बोटाच्या अंतरावर होती. एका भोकाला सैल, तर दुसऱ्याला घट्ट. मग मधे नवीन भोक पाडलं. अर्ध्या बोटाचा फरक, पण शेवंतीने लगेच मान खाली सोडली आणि मोठा सुस्कारा टाकला. मी भानुदासला सांगितलं, "बक्कल लावल्यावर पट्टीच्या आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. रोज बघायचं. दोन बोटं गेली नाहीत तर घोडी बाहेर काढायची नाही."

त्याने आपला उजवा हात पुढे केला आणि उरलेली ती दोन बोटं पट्टीखाली सरकवली. "जात्यात, मामा," तो म्हणाला.

त्यानंतर पंधरा दिवस मी रोज जात होतो. कोणी विचारलं तर म्हणायचो, लगाम जुळवायला जातोय. खरं म्हणजे मी बघायला जात होतो. जबड्याखालच्या वाद्या दोर सोडल्यावर लगेच सैल व्हायला हव्यात. त्यांना मी तेल लावून लावून लोण्यासारखं केलं. एवढंच माझं काम होतं. पुढचं सगळं त्या दोघांचं. पहिल्या दिवशी दोर बराच ओढावा लागला. चौथ्या दिवशी नुसता उचलला तरी ती वळायची. दहाव्या दिवशी मी बांधावर बसून बघत होतो. भानुदास चालता चालता माझ्याशी बोलायला थांबला. त्याने दोर ओढला नाही, हाक दिली नाही. तो थांबला म्हणून ती थांबली. दोर दोघांच्या मधे झोळीसारखा लोंबत होता. त्याने डावीकडे नुसतं बघितलं आणि तिचा एक कान तिकडे वळला.

मी थक्क झालो. एवढं बारीक ऐकणारं जनावर, आणि आम्ही त्याच्या तोंडात काटे घालून ओरडत होतो. मी शिवलेल्या वाद्यांनी घोडे धरून ठेवले जातात, असा माझा समज होता आणि त्याचा मला अभिमान होता. त्या दिवशी बांधावर बसून मला कळलं की त्यांना कधीच कोणी धरलेलं नव्हतं. ते थांबत होते. मला एकाच वेळी फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

तरी वरातीची धास्ती होतीच. शेतात थांबणं वेगळं आणि डीजेपुढे थांबणं वेगळं. भट्टीवाल्याचे दोन फोन येऊन गेले होते. भानुदासने त्याला सांगितलं होतं, पुढच्या वरातीनंतर काय ते सांगतो. वरात केडगावातच होती. मी आदल्या दिवसापासून जेवलो नाही असं बायको सांगते. मला वाटतं मी थोडं जेवलो होतो.

नवरदेव फेटा बांधून तयार होता. शेवंतीच्या कपाळावर तुरा, पाठीवर जरीची झूल. नवरदेवाचा मामा जवळ आला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "ए, हिच्या तोंडात काय न्हाई! लगाम कुटंय हिचा?"

"ह्योच लगाम हाय मामा, बिनलोखंडी," भानुदास त्याला म्हणाला.

"बिनलोखंडी? आन पोराला घिऊन उधळली मंजे? आमाला न्हाई पायजे असली घोडी. कारमधी बसवा रे पोराला."

माणसं जमली. भानुदासचा चेहरा उतरला. मी पुढे होऊन काहीतरी सांगायला लागलो, हाड, कुरकुरी, गालावरचा दाब. लग्नघरात ते कोण ऐकणार? तेवढ्यात पलीकडे कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. शेवंतीचं अंग ताठ झालं, कान मागे गेले, मागचा एक पाय उचलला गेला. भानुदासने दोर आवळला नाही. तो तिच्या शेजारी होता तसाच उभा राहिला आणि हळूहळू श्वास सोडला. मी बघत होतो. तिने पाय खाली ठेवला. माळ संपेपर्यंत ती थरथरत होती, पण एक पाऊलही हलली नाही.

नवरदेवाच्या मामाने कारवाल्याला हातानेच थांबवलं. नवरदेवाची आई पूजेचं ताट घेऊन आली. नवरदेव चढण्याआधी घोडीच्या पायांवर पाणी घालतात, हळदकुंकू लावतात आणि तिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ अन् गूळ खायला देतात. ही पद्धत मी शेकडो वेळा बघितली होती. तोंडात लोखंड असलेल्या घोडीला नीट खाता येत नाही. ती दोन दाणे चघळते, बाकी सगळं फेसाबरोबर खाली सांडतं. बायका म्हणतात, लाजली गं घोडी, आणि ताट बाजूला घेतात. मीही त्यांच्यात हसलेलो आहे.

आईने ताट पुढे धरलं. शेवंतीने डाळ हुंगली आणि खायला लागली. एक दाणा खाली पडत नव्हता. ती सावकाश, चवीने, जबडा गोल फिरवत खात होती. नवरदेव एक पाय रिकिबीत टाकून अडकला होता. बँडवाल्याने दोनदा सूर धरला आणि दोनदा थांबवला. आई ताट मागे घ्यायला लागली तशी शेवंतीने जीभ बाहेर काढली, ती टाक्यांची खूण असलेली जीभ, आणि ताटाच्या कडेचा गूळ चाटून घेतला. भानुदास माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. चाळीस वर्षांत माझ्या हातचा लगाम घातलेलं जनावर असं नीट खाताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

ताट रिकामं झालं. शेवंतीने मान वर करून नवरदेवाच्या मामाकडे बघितलं. मामाने घसा खाकरला, इकडे तिकडे पाहिलं आणि घरात हाक दिली, "अगं, आनखी डाळ हाय का? आना बरं. खाऊ द्या तिला आधी."